लिपोवेत्सच्या गारा

१२ ऑक्टोबर, त्सेल्ये

प्रिय ब्रेदा,

तुझा नवा पत्ता मला पगार विभागातल्या मुलीनं दिला. तिनं तो द्यायला नको होता आणि मी मागायला नको होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना जड जाणार नाही.

तुझी खुर्ची अजून रिकामीच आहे. पावसाळी हवा आहे, त्यामुळे लोक तिच्यावर छत्र्या वाळत टाकतात. एकोणीस वर्षं मी मान वर केली की तू दिसायचीस. आता कुणाची तरी ओली छत्री दिसते. तुझ्याबद्दल सगळे बोलतात. इथे नोकरी सोडणारा माणूस सॉसेज आणि वाइन आणतो, दोन शब्द बोलतो, डोळे पुसल्यासारखं करतो. तू काहीच केलं नाहीस. सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी कपाटाची किल्ली टेबलावर ठेवलीस आणि जिन्यात मला गाठून म्हणालीस, "जमलं गं, येल्का. सुटले मी." हिशेब विभागातली रोमाना म्हणते, "पन्नाशीच्या आत कुणी असं सुटत नाही बाई. एक तर आजार असतो, नाही तर घबाड."

आपला बेत तिला कुठे ठाऊक आहे? अर्धा पगार फंडात टाकायचा, वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट जमलं की उठायचं, आणि उरलेल्या आयुष्यात कुणाच्या खोटेपणाचा वास घेत बसायचं नाही. विम्याचे दावे वाचणं म्हणजे दुसरं काय होतं? हा पोचा गारेनं पडला की हातोडीनं, ही काच दगडानं फुटली की नवऱ्यानं फोडली. घरी गेल्यावरही पाववाली सुट्टे पैसे परत देताना मी तिच्या डोळ्यांकडे बघते.

पण रविवारी मी नीट बसून पाहिलं. पगार एक, फंड एक, सुरुवात एकाच महिन्यात. मला अजून सात वर्षं लागणार आहेत, तुला लागली नाहीत. माझं कुठे चुकतंय, सांगशील का? आनंदानं विचारते आहे. (हे शेवटचं वाक्य मी एकदा खोडलं होतं. आनंद आहे, पण पुरता नाही, म्हणून खोडलं. मग पुन्हा लिहिलं.)

जाता जाता एक. जुलैतले लिपोवेत्स गावाचे गारपिटीचे दावे आठवतात? सगळे तूच पास केलेस. नुसत्या फोटोंवरून केलेस, की कुणाला पाहणीला पाठवलं होतंस? सहज विचारते.

तुझी,
येल्का

२३ ऑक्टोबर

ब्रेदा,

तुझं कार्ड मिळालं. पुढे करकोचा, मागे एकच ओळ: "हे ग्रोबेल्निक वाचणार आहे का?"

नाही. पण तुझं विचारणं रास्त आहे. 'सहज' हा शब्द आपण दोघींनी शेकडो अर्जांत वाचला आहे. सहज अंगणात गेलो, सहज मोटारीकडे लक्ष गेलं. ज्याला खरंच सहज काही दिसतं, तो 'सहज' लिहीत नाही. मी लिहिलं. तेव्हा आता सरळ सांगते.

महिन्याच्या सुरुवातीला ग्रोबेल्निकनं मला साहेबाच्या केबिनमध्ये बोलावलं. "बसा, येल्काबाई. कॉफी घेणार?" म्हणाला आणि स्वतः उठून यंत्रातून कॉफी आणली. मी तिथेच सावध झाले. त्यानं टेबलावर एक नकाशा पसरला.

"हा सोळा जुलैचा दिवस. गारा पडल्या त्या साविन्या नदीच्या पलीकडे, बिअरच्या हॉपच्या मळ्यांवर. अलीकडे लिपोवेत्स. तिथे काय पडलं? काही नाही. आणि तुमच्या मैत्रिणीनं आठवड्याच्या आत अख्खं गाव पास करून टाकलं. मग राजीनामा. तुमच्यासमोर असा अर्ज आला असता तर काय केलं असतं?"

"चौकशीला टाकला असता."

"बघा!" असं म्हणून तो मागे रेलला, जणू मी तुझ्याविरुद्ध सहीच केली. "मी काही म्हणत नाही हं. मुख्य कचेरी विचारतेय, मला उत्तर द्यायचंय. तुम्ही इतकी वर्षं तिच्यासमोर बसलात. काय दिसलं ते लेखी द्या. नोव्हेंबर संपेपर्यंत."

मी उठले, दाराशी गेले, तेव्हा तो म्हणाला, "वर्षअखेर काही जणांना एकरकमी पैसे देऊन मोकळं करायचंय. शिफारस माझ्या हातात आहे. तुम्हालाही इथून सुटायचंय, असं कानावर आलं."

ती रक्कम मला मिळाली तर माझी सात वर्षं एका सहीत संपतात. तो हे जाणून बोलला की नाही, ते मला माहीत नाही. मी त्याला काय म्हटलं, ते मात्र माहीत आहे. "विचार करते," म्हटलं. नाही म्हटलं नाही.

आणि त्या दिवसापासून मी तुला आठवते आहे, पण मैत्रीण आठवावी तसं नाही. इतक्या वर्षांत तू मला एकदाही घरी बोलावलं नाहीस. तोच करडा कोट. कामगार संघाच्या सहलींना कायम काही तरी अडचण. दहाच्या सुट्टीत आम्ही खाली गुलाश खायला जायचो, तू डब्यातला पाव काढायचीस, आणि फोन आला की बाहेर जाऊन हळू आवाजात बोलायचीस. "हो, येते. हो. खाली ठेवा, मी बघते." यातला एकही पुरावा नाही. पण अशाच गोष्टींवरून आपण माणसं पकडली आहेत, आणि बरेचदा ती खरोखर खोटी निघाली आहेत.

मला एकच कळत नाही. हा संशय या खुणांमुळे आला, की तू माझ्याआधी पोचलीस म्हणून? ग्रोबेल्निकचं एक आवडतं वाक्य आहे ना, आपला माणूस देवाकडे गाय मागत नाही, शेजाऱ्याची मरू दे म्हणतो. तो ते दावेदारांना उद्देशून म्हणतो. परवा म्हणाला तेव्हा मी खाली बघितलं.

पैसे घेतलेस का, ब्रेदा? मला हे तोंडावर विचारता आलं नसतं.

येल्का

२ नोव्हेंबर

ब्रेदा,

तुझं उत्तर नाही. मी तुझ्या जागी असते तर मीही दिलं नसतं.

काल मी लिपोवेत्सला गेले. कंपनीच्या मोटारीनं नाही, बसनं. काल सर्व संतांचा दिवस, सगळा देश आपापल्या थडग्यांपाशी, त्यामुळे कुणी कशाला आलीस म्हणणार नाही असा माझा हिशेब. हिशेब चुकला. हातात शेवंतीची कुंडी आणि एक मेणबत्ती घेऊन मी फाटकातून आत शिरले तोच एक बाई घासणी हातात घेऊन उभी राहिली.

"तुम्ही कुणाच्या?"

"ओळखीच्यांच्या," मी म्हटलं.

"कुणाच्या ओळखीच्यांच्या? इथे सगळे मिळून दहा-बारा आडनावांचे पुरलेत, आणि त्यांतली निम्मी माझी आहेत."

तिचा नवरा पलीकडे दगडावरची बुरशी खरवडत होता. "असू दे की गं, मिलेना. फुलं आणलीत तिनं, फावडं नाही."

मी गाडीबिडी काही बघायला गेले नव्हते. गाड्या आता दुरुस्त झाल्या असतील, आणि गाडीवर पोचा पाडता येतो. मी बघत होते कायमचे बसवलेले कंदील. प्रत्येक थडग्यावर एक, तांब्याच्या टोपीचा. आणि सांगते, ब्रेदा, एका रांगेतल्या सगळ्या टोप्या ठोकून काढल्यासारख्या झाल्या होत्या. पश्चिमेकडच्या अंगाला जास्त, पूर्वेकडे कमी, पोचे लहानमोठे, कडेला तिरके. माणसानं हातोडी घेतली की पोचे एकसारखे पडतात, हे तूच मला शिकवलंस. चॅपलच्या मागच्या रांगा मात्र धड होत्या; दोन्हींचे फोटो मी हळूच काढून घेतले. गारांचा पट्टा चॅपलपाशी संपला होता. गाव त्याच्या आत, पुढची शेतं बाहेर.

मी एका टोपीला हात लावला. "पडला होता का हा?"

"पडतोय कशाला!" मिलेना म्हणाली. "जुलैत गारा आल्या, अक्रोडाएवढ्या. आता विमेवाले म्हणतात, तुमच्याकडे पडल्याच नाहीत. आमचे मेलेले काय हातोड्या घेऊन उठले होते?"

नवरा हसला. "माझा सासरा उठला असता. पण तो विम्याच्याच विरोधात होता."

तिनं माझ्याकडे पुन्हा नीट पाहिलं. "तुम्ही विम्याच्या तर नाही ना?"

मी "नाही" म्हटलं. माझी कुंडी जिथे कुणीच काही ठेवलं नव्हतं अशा एका थडग्यावर ठेवली आणि पुढची बस धरली. त्या 'नाही'चं मला अजून वाईट वाटतं आहे, कारण मी तिथे खरं काय ते शोधायला गेले होते.

तेव्हा गारांबद्दल तू खरी आहेस. मला बरं वाटायला हवं, आणि वाटतंही आहे. पण बसमध्ये बसले आणि दुसरा प्रश्न जागच्या जागी होता: मग पैसे कुठून? कंपनीला आता याच्याशी काही देणंघेणं नाही. मलाच आहे. उत्तर देऊ नकोस वाटलं तर.

येल्का

१५ नोव्हेंबर

ब्रेदा,

तू फोन केलास ते बरं झालं. रागावलेली होतीस तेही बरं झालं. ठेवल्याबरोबर मी तुझं बोलणं डायरीत उतरवलं. सवय आहे, साक्षीसाठी नाही. तुला तसं वाटणार, म्हणून लिहून ठेवते.

"तुला घरी कुठे बोलावणार होते गं?" तू म्हणालीस. "माझ्या घरात दंतवैद्य आणि त्याची बायको राहत होते. भाड्यानं."

आणि तू राहायचीस स्टेशनमागे, म्हाताऱ्या तेरेझियाबाईंच्या मागच्या खोलीत. भाडं नाही, वीज नाही, त्याबदल्यात त्यांचं सगळं. आंघोळ, औषधं, रविवारी पायाची नखं. बारा वर्षं. "सहलीला येऊन काय करू? दुपारी त्यांना कोण उठवणार? आणि येल्का, माझ्या अंगाला त्यांच्या मलमाचा वास यायचा. मला यायचा, तुला आला की नाही माहीत नाही. म्हणून मी लिफ्टमध्ये तुझ्याबरोबर चढत नसे."

मला कधीच वास आला नाही. मी तुझ्याबद्दल इतकं काही हुंगलं, आणि तेवढं राहून गेलं.

मग मी विचारलं, "मे महिन्यात त्या वारल्या तेव्हा त्यांनी तुला काही ठेवलं का?" प्रश्न तोंडातून गेला आणि मला तो परत घ्यावासा वाटला. तू हसलीस. "आला बघ! वाटच बघत होते. ठेवलं ना. मांजर ठेवलं. घर भाच्याला गेलं, तो बारा वर्षांत दोनदा आला होता."

मी म्हटलं, "आता तरी सुखात आहेस ना?"

"पहिला महिना झोपले. दुसऱ्या महिन्यात शेजाऱ्याच्या छपराकडे बघायला लागले. कौलं वाऱ्यानं गेलीत, की त्यानंच काढलीत? बिचारा रोज दूध आणून देतो. मी आधी दूध बघते, मग त्याला."

यावर आपण दोघी हसलो, पण तू आधी थांबलीस.

लिपोवेत्सबद्दल तू दोन गोष्टी सांगितल्यास. एक, फोटोंत मोटारींच्या मागे कोबीचे वाफे होते, आणि पानांची चाळण झाली होती. कोबीचा विमा कुणी उतरवत नाही, म्हणून कुणी तो झोडपतही नाही. आणि दुसरी, "ग्रोबेल्निकनंच सांगितलं होतं, पाहणीला पाठवत बसू नका. आता विसरला."

ते वाक्य मलाही आठवतं. दहाच्या सुट्टीत तो दारात उभा राहून म्हणाला होता, "बायांनो, फोटो बघा आणि सोडा, लोक वर्तमानपत्रात जायला लागलेत." शब्द मला पक्के आठवतात. दिवस आठवत नाही. लिपोवेत्सबद्दल म्हणाला की शहरातल्या मोटारींबद्दल, तेही आठवत नाही. दोन दिवस मी ते आठवायचा प्रयत्न करते आहे, आणि जितका प्रयत्न करते तितकं ते मला सोयीचं आठवायला लागतं. म्हणून आता थांबवलं आहे.

जबाब अजून लिहिलेला नाही. तू फोन ठेवताना म्हणालीस, "तुला जे लिहायचं ते लिही, मला काय! पण नाव गेलं तर इथे गावातही कळेल, आणि दूध यायचं थांबेल." तू ते हसण्यावारी नेलंस. मी तसं ऐकलं नाही.

येल्का

१ डिसेंबर

ब्रेदा,

जबाब दिला. तीनच गोष्टी लिहिल्या: स्मशानातल्या टोप्या, फोटोंतला कोबी, आणि साहेबांचं दारातलं वाक्य. त्या वाक्याखाली हेही लिहिलं की तारीख आठवत नाही आणि ते कोणत्या गावाला उद्देशून होतं ते सांगता येत नाही. तुझ्या खोलीबद्दल, तेरेझियाबाईंबद्दल एक अक्षर नाही. तो कुणाचा विषय नाही. माझाही नव्हता.

ग्रोबेल्निकनं माझ्यासमोरच वाचला. यावेळी कॉफी नव्हती.

"स्मशान?" तो म्हणाला. "तुम्ही कंपनीच्या कामासाठी स्मशानात गेलात?"

"सुट्टी होती, साहेब."

"मुख्य कचेरीला मी काय पाठवू? थडग्यांचे फोटो?"

"जोडलेत. मागच्या पानावर."

त्यानं मागचं पान उलटलं नाही. शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं. "हे काढा, येल्काबाई. तुम्हाला तारीखच आठवत नाही."

"तसं मी त्यातच लिहिलंय."

"म्हणूनच काढा म्हणतो."

"म्हणूनच ठेवलंय."

त्यानं कागद मोठ्या काळजीनं सरळ केले, कडा जुळवल्या. आवाज चढवला नाही. "तुमची मैत्रीण सुटली," तो म्हणाला. "तुम्हीही सुटला असता. कुणीच तुमच्यावर बळजबरी केली नव्हती, एवढं लक्षात ठेवा." आणि खरंच केली नव्हती. त्याचं प्रत्येक वाक्य मी आठवून पाहिलं. एकही असं नाही जे मी कुणाला धमकी म्हणून दाखवू शकेन.

एकरकमी पैसे घेऊन सुटणाऱ्यांची यादी काल लागली. माझं नाव नाही. रोमानाचं आहे. ती सॉसेज किती लागतील याची मोजदाद करते आहे.

येल्का

१९ जानेवारी

प्रिय ब्रेदा,

लिपोवेत्सची चौकशी बंद झाल्याचं मी कार्डावर कळवलं होतंच. कुणी तसं जाहीर केलं नाही, फाईल नुसती वरून परत आली आणि कपाटात गेली. तुझं नाव कुठेच राहिलेलं नाही. मी स्वतः पाहिलं.

मला खाली, फोनवर बसवलं आहे. पहिली खबर घ्यायची, काय घडलं ते लिहायचं आणि वर पाठवायचं. खरं की खोटं ते ठरवायचं नाही, ते वरचे ठरवतात. शिक्षा म्हणूनच आहे, पगारही थोडा उतरला. सातांची आता आठ-नऊ वर्षं होतील. पण परवा एका म्हाताऱ्याचा फोन आला. पाइप गोठून फुटला, स्वयंपाकघरात घोट्याएवढं पाणी. तो बोलत होता आणि मी लिहीत होते, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की तो खोटं बोलतो आहे का, हे मी ऐकलंच नाही. नुसतं पाणी ऐकलं. मला हे काम आवडायला लागलंय की काय, असा मला संशय आहे. अजून खात्री नाही, म्हणून कुणाला सांगितलेलं नाही.

आता तुझं पत्र. चौकशी बंद झाल्याचं कळवल्यावर आभार येतील, असं मला वाटलं होतं. तू लिहिलंस, "एवढ्या मोठ्या रकमेवर पाणी सोडलंस तू. का? तुला माझ्याकडून काय हवंय?"

आधी राग आला. मग मी तो प्रश्न मला आलेल्या अर्जासारखा समोर ठेवला. तुला वाटत असेल, ही आता माझ्याकडे येऊन राहणार, भाडं वाचवणार, आठ वर्षांची चार करणार. ब्रेदा, हा विचार माझ्या मनात आहे. तुझा प्रश्न वाचल्यावर आला की आधीपासून होता, हे मला सांगता येत नाही. जबाब लिहिला त्या दिवशी तो नव्हता असं मी शपथेवर म्हणू शकते. पण शपथेवर बोलणाऱ्यांचं आपण काय करायचो, ते तुला माहीत आहे. मला चांगलं म्हणवून घ्यायचं असेल, हेही शक्य आहे. ग्रोबेल्निकला हरवायचं असेल, हेही. आणि कदाचित टोप्यांवर पोचे होते, म्हणून मी पोचे होते असं लिहिलं, बाकी काही नाही. यातलं कोणतं खरं, ते ठरवायला मला कुणाला तरी पाहणीला पाठवावं लागेल, आणि माझ्याकडे माणूस नाही.

तेव्हा तुला हवी ती खात्री माझ्यापाशी नाही. ती येईपर्यंत मी तुझ्याकडे येणार नाही, राहायला तर नाहीच. तू माझ्यावर संशय ठेव, हरकत नाही, मीही ठेवते आहे. पण संशय ठेवूनच लिहीत जा. दर आठवड्याला नको, जमेल तेव्हा. आणि शेजाऱ्याच्या छपराचं काय निघालं, ते कळव.

तुझी,
येल्का